परसातले तळे : एकाच पाण्यावर मासे आणि पालेभाजी

२० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी आणि त्यांच्या मागोमाग हजारो बांधवांनी ओंजळभर पाणी घेतले आणि पाण्यावरचा हक्क बजावला. पुढे कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४-६५ साली भूमिहीनांचे सत्याग्रह झाले. जमिनीचा हक्क ऐरणीवर आला. आज आपल्या पुष्कळ वस्त्यांत घर आहे, नळ आहे, घरामागे दहा-बारा फुटांचे परस आहे. पण शेत नाही. भाजी बाजारातून आणावी लागते. उन्हाळ्यात पालकाची जुडी महागली की ताटातला हिरवा पाला नाहीसा होतो आणि त्याचा पहिला फटका घरातल्या मायमाउलीला व लेकरांना बसतो. अशा घराला उपयोगी पडणाऱ्या एका रीतीची माहिती आम्ही आज देत आहोत. तिचे इंग्रजी नाव अॅक्वापोनिक्स. आपण तिला मासे-भाजी पद्धत म्हणू.

हे घडते कसे?

मासा खातो, विष्ठा टाकतो, कल्ल्यांतून अमोनिया सोडतो. अमोनिया साचला तर मासा मरतो. पण ओल्या खडीवर डोळ्यांना न दिसणारे जिवाणू वस्ती करतात. त्यांतले काही अमोनियाचे नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचे नायट्रेट करतात. नायट्रेट हे झाडाचे खत. माशाचे पाणी खडीच्या वाफ्यात चढवायचे, झाडांनी खत घ्यायचे आणि निवळलेले पाणी पुन्हा माशांकडे यायचे, एवढेच हे चक्र आहे. पाणी फेकावे लागत नाही. झाडे पितात आणि उन्हाने उडते तेवढीच भर घालायची. एरवी ती रोज शंभरात एक ते तीन भाग असते, कडक उन्हाळ्यात अधिक. व्हर्जिन बेटांवरील विद्यापीठात डॉ. जेम्स राकोसी यांनी १९८० च्या सुमारापासून या पद्धतीवर दीर्घकाळ काम केले. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१४ साली छोट्या कुटुंबांसाठी तिची सविस्तर पुस्तिकाच काढली.

सामान

दोनशे लिटरचे दोन प्लॅस्टिक ड्रम घ्यावेत. ज्यांत खाण्याची वस्तू आली होती असेच ड्रम घ्यावेत. रसायनाचा किंवा कीटकनाशकाचा ड्रम कितीही धुतला तरी या कामाचा नाही. एक ड्रम माशांसाठी उभा ठेवावा. दुसरा उभा चिरून दोन अर्धे करावेत. हे दोन वाफे झाले. प्रत्येकात सुमारे फूटभर खोल खडी बसते. भरलेला वाफा दीडशे-दोनशे किलोंचा होतो, म्हणून विटांचे भक्कम ओटे बांधून वाफे ड्रमाच्या तोंडाहून उंच ठेवावेत.

खडी काळ्या दगडाची, अर्धा ते पाऊण इंचाची घ्यावी. मूठभर खडीवर व्हिनेगर टाकून पाहावे. बुडबुडे आले तर तीत चुना आहे; ती खडी नको, कारण चुन्याने पाण्याचा सामू चढतो. सामू ६ ते ७ च्या दरम्यान असावा.

वाफ्याच्या तळाला भोक पाडून त्यात उभा पाइप बसवावा. त्याचे वरचे तोंड खडीच्या एक इंच खाली राहील आणि बुडाशी दोन-तीन बारीक छिद्रे असतील असे पाहावे. पाइपाभोवती मोठ्या पाइपाची जाळी करावी, म्हणजे खडी अडकत नाही. छोटा पंप टायमरवर लावून तासातून पंधरा मिनिटे चालवावा. वाफा भरतो, जास्तीचे पाणी वरच्या तोंडातून परत जाते. पंप थांबला की छिद्रांतून वाफा हळूहळू रिकामा होतो आणि मुळांना हवा मिळते. पंप ड्रमाच्या तळापासून वीतभर वर टांगावा, म्हणजे एखादा पाइप निसटला तरी मासे कोरडे पडणार नाहीत. माशांसाठी हवेचा लहान पंप मात्र दिवसरात्र चालू लागतो.

विजेचा हिशेब असा : २० वॅटचा पंप रोज सहा तास आणि ५ वॅटचा हवेचा पंप चोवीस तास चालला तर महिन्याला सात-साडेसात युनिट. वीज गेली तर ड्रमातलेच पाणी तांब्याने काढून उंचावरून सोडत राहावे. पाण्यात हात घालण्याआधी प्लग काढावा. ड्रमावर घट्ट जाळी बसवावी, कारण घरात लहान मूल असते आणि भोवताली मांजर.

पहिले सहा आठवडे

येथेच बहुतेकांचा धीर सुटतो. नळाचे पाणी उघड्यावर दिवसभर ठेवून क्लोरिन जाऊ द्यावे. मग चार-पाचच मासे सोडावेत आणि खाणे चिमूटभर द्यावे. जिवाणूंची वस्ती जमायला चार ते सहा आठवडे लागतात. या काळात बाजारात मिळणाऱ्या चाचणी-पेटीने अमोनिया व नायट्राइट तपासावे. ते चढले तर खाणे बंद करून थोडे पाणी बदलावे. दोन्ही जवळजवळ शून्यावर आले आणि नायट्रेट दिसू लागले, की मग मासे वाढवावेत. दोनशे लिटरच्या ड्रमात एकंदर दोन किलोंपेक्षा जास्त मासे ठेवू नयेत.

पालक, आंबट चुका, कोथिंबीर, पुदिना आधी लावावा. टोमॅटो आणि मिरची काही महिन्यांनी. मे महिन्यात हिरव्या जाळीची सावली हवीच. कोवळी पाने पिवळी पडली तर बहुधा लोह कमी पडते. चिलेटेड लोह अगदी थोडे द्यावे. कीड हाताने वेचावी. तंबाखूचे पाणी किंवा कोणतेही औषध फवारले तर ते माशांपर्यंत पोचते.

मासे कोणते, आणि शीलाचे काय?

पंचशील घेतलेल्या घराने मासे मारण्यासाठी पाळावेत का, हा प्रश्न आपल्या उपासिका विचारतील आणि तो योग्यच आहे. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत बुद्धांनी भेद केला, असे मांडले आहे. प्रत्येक घराने आपल्या विवेकाने ठरवावे. आमचे मत असे की ड्रमात खाण्याचे मासे पाळूच नयेत. रोहू-कटल्याला तेवढी जागा पुरत नाही. गप्पी किंवा सोनेरी मासे ठेवावेत; त्यांचे खतही भाजीला तितकेच चालते, आणि गप्पी तर डासांच्या अळ्या खातात. थाई मांगूर कोणी देऊ केला तर घेऊ नये. त्याच्या पालनावर आपल्या देशात बंदी आहे.

पैशाचा प्रश्न

या ड्रमातून संसार चालत नाही, हे स्वच्छ सांगितले पाहिजे. दोन वाफे मिळून सुमारे एक चौरस मीटर जागा होते. त्यातून घराच्या पालेभाजीला हातभार लागेल, एवढेच. म्हणून लाखो रुपयांचे संच विकणारे आणि नफ्याची हमी देणारे दारी आले तर कर्ज काढू नये, दागिना मोडू नये. आधी एका ड्रमावर हात बसवावा.

वाढवायचेच असेल तर सरकारी मार्ग पाहावा. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत अनुसूचित जाती-जमाती व महिलांसाठी ठरलेल्या खर्चाच्या ६० टक्के अनुदान ठेवले गेले आणि परसातील शोभिवंत मासे संगोपन हाही तिचा एक भाग होता. सध्या कोणती योजना चालू आहे, ते जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात विचारावे. बौद्ध झाल्यामुळे केंद्राच्या सवलती जातात, असे कोणी सांगितले तर त्याला १९९० चा कायदा दाखवावा. त्या कायद्याने धर्मांतरित बौद्धांना अनुसूचित जातींत स्थान मिळाले. जातीचा दाखला मात्र तयार हवा.

आमची सूचना अशी की प्रत्येक वस्तीतील महिला मंडळाने बुद्धविहाराच्या आवारात असा एक ड्रम बसवावा. चाचणी-पेटी आणि टायमर वर्गणीतून घ्यावेत. शाळकरी मुलामुलींनी रोज सामू आणि अमोनिया वहीत लिहावा. रसायनशास्त्राचा धडा त्यांना तेथेच मिळेल. सहा महिन्यांची ती वही हाती असली की ज्या घराला आपल्या परसात ड्रम बसवायचा आहे, त्याला परक्याच्या सल्ल्यावर विसंबावे लागणार नाही.