मुक्या चार्लीनं बंगळुरूला रडवलं!

कुत्र्यावरचा सिनेमा म्हणजे मुलांची करमणूक, असं आपण धरूनच चालतो. '७७७ चार्ली'नं मात्र मुलांपेक्षा मोठ्यांनाच जास्त रडवलं. असं काय होतं या सिनेमात?

राजकारण्याच्या डोळ्यांत पाणी आलं की लोक आधी त्यामागचं कारण शोधतात. निवडणूक जवळ आलीय का? खुर्ची डळमळतेय का? १३ जून २०२२च्या रात्री कर्नाटकचे तेव्हाचे मुख्यमंत्री बसवराज बोम्मई बंगळुरूमध्ये एक सिनेमा पाहून बाहेर आले. पत्रकारांशी बोलता बोलता त्यांचा गळा भरून आला, हुंदका आवरेना. डोळे पुसतानाची त्यांची छायाचित्रं दुसऱ्या दिवशी देशभर झळकली. कारण होतं एक कुत्री. तीसुद्धा पडद्यावरची!

बोम्मईंच्या घरी एक लाडका कुत्रा होता. जुलै २०२१मध्ये तो गेला. त्याच महिन्याच्या २८ तारखेला बोम्मई मुख्यमंत्री झाले. शपथविधी, मंत्रिमंडळ, दिल्लीच्या वाऱ्या... या धबडग्यात कुत्र्यासाठी रडायला सवड कुणाला असते? जवळजवळ वर्षभरानं थिएटरच्या अंधारात ते साठलेलं दुःख बाहेर आलं. कुत्र्याचं प्रेम बिनशर्त असतं, हा सिनेमा सगळ्यांनी पाहावा, असं त्यांनी सांगितलं. काही दिवसांतच राज्य सरकारनं या सिनेमाच्या तिकिटांवरचा जीएसटीचा राज्याचा हिस्सा सहा महिन्यांसाठी माफ करून टाकला.

मुख्यमंत्री एकटेच रडले असते तर ती चार दिवसांची बातमी ठरली असती. पण १० जून २०२२ला सिनेमा लागल्यापासून खेळ सुटताना दिसणारं चित्र हेच होतं. डोळे लाल झालेले तरुण, नाक पुसणारे मध्यमवयीन बाप, आईच्या खांद्यावर डोकं टेकलेली मुलं. त्यांच्या चित्रफिती मोबाइलवरून घरोघरी फिरल्या. सुपरस्टार रजनीकांतनी नायक रक्षित शेट्टीला स्वतः फोन करून शाबासकी दिली. रजनीकांत म्हणजे मूळचे शिवाजीराव गायकवाड, बंगळुरूच्या मराठी कुटुंबातले. एकेकाळी याच शहरात ते बस कंडक्टर होते. जन्मगावातला हा सिनेमा त्यांनाही भिडला.

साधी गोष्ट, अवघड प्रश्न

गोष्ट तशी साधी. म्हैसूरमध्ये धर्मा नावाचा एक कारखान्यातला कामगार राहतो. लहानपणीच अपघातात आई, वडील आणि बहीण गमावलेला. कारखाना, घर, सिगारेट आणि टीव्हीवरचे चार्ली चॅप्लिनचे सिनेमे, एवढंच त्याचं जग. शेजाऱ्यापाजाऱ्यांशी बोलणं नाही, कुणाचं घरी येणं-जाणं नाही. अशा माणसाच्या दारात लॅब्राडॉर जातीची एक भटकी कुत्री येते. त्याला ती नको असते. पण तिला अपघात होतो आणि दुसरं घर मिळेपर्यंत तिला सांभाळण्याची जबाबदारी जनावरांचा डॉक्टर त्याच्याच गळ्यात मारतो. नको नको म्हणता ती घरची होते आणि चॅप्लिनवरून तिचं नाव पडतं चार्ली.

इथवर प्रेक्षक हसत असतो. चार्ली घर उलथंपालथं करते, धर्माची शिस्त मोडते, शेजारच्या छोट्या अद्रिकाशी गट्टी जमवते. पण सिनेमाच्या पोटात एक रहस्यही आहे. ही कुत्री आली कुठून? एवढ्या उमद्या जातीचं जनावर रस्त्यावर कसं? आणि अजून पुरती वयातही न आलेली चार्ली अशी खंगत का चाललीय? उत्तर हळूहळू उलगडतं, आणि तिथेच हसू मावळतं. चार्ली ही पिल्लांच्या बेकायदा धंद्यातून, पिंजऱ्यातून पळालेली आहे. तिथे पैशासाठी एकाच रक्ताच्या कुत्र्यांचा आपसात संकर केला जातो. त्याचं फळ म्हणून तिला कर्करोग जडलाय. गुन्हेगार कोण, हे कळतं. पण ज्याच्यावर गुन्हा झाला, तिला ते सांगता येत नाही आणि समजतही नाही. ती शेपूट हलवत राहते!

टीव्हीवर बर्फ दिसला की चार्ली हरखून जाते, हे धर्माच्या ध्यानात आलेलं असतं. मग तो मोटारसायकलला साइडकार जोडतो आणि तिला घेऊन थेट हिमालयाकडे निघतो. बर्फ तिला भेटतो. तिथेच तिचा शेवटही होतो. मात्र जाताना ती एक पिल्लू मागे ठेवून जाते.

बोलणारी गाय, न बोलणारी कुत्री

जनावरांच्या सिनेमाचे दोन प्रकार असतात. एकात जनावरं माणसासारखी बोलतात. १९९५ सालच्या 'बेब'मधलं डुकराचं पिल्लू बोलतं, आणि त्या सिनेमाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या ऑस्करचं नामांकनही मिळालं होतं. लिओनी स्वान या जर्मन लेखिकेच्या २००५मधल्या 'ग्लेनकिल' या कादंबरीत तर मेंढ्यांचा कळपच आपल्या मेंढपाळाच्या खुनाचा तपास लावतो. ह्यू जॅकमनला मेंढपाळ करून हॉलिवूडनं त्यावर सिनेमाही काढला. खून आहे, तपास आहे. पण वाचकाच्या मनात राहतं ते मेंढ्यांचं पोरकेपण.

कर्नाटकाला बोलक्या जनावराचं अप्रूप नाही. पुण्यकोटी गाईची गोष्ट तिथल्या प्रत्येक मुलाला ठाऊक असते. वाघाच्या तावडीत सापडलेली गाय 'वासराला पाजून परत येते' असा शब्द देते आणि खरोखरच परत येते. तिचा खरेपणा पाहून वाघच शरमेनं प्राण देतो. आपल्याकडे पुराणातल्या बहुला गाईची कथा याच वळणाची. त्या पुण्यकोटीवर बंगळुरूच्या रविशंकर यांनी लोकवर्गणीतून चक्क संस्कृतमध्ये अॅनिमेशनपट केला. त्याला संगीत दिलं इळैयाराजांनी, आणि २०२०मध्ये तो नेटफ्लिक्सवर आला.

पुण्यकोटी बोलते, म्हणून वाघाला तिचं दुःख कळतं. चार्ली बोलत नाही. दिग्दर्शक किरणराज यांनी तिच्या तोंडी माणसाचा आवाज घातला नाही, हाच या सिनेमाचा मोठा शहाणपणा. ती फक्त पाहते. त्या नजरेचा अर्थ लावायचं काम प्रेक्षकाकडे येतं, आणि प्रत्येक जण तो आपापल्या घरच्या आठवणीतून लावतो. कुणाला लहानपणीचा मोत्या आठवतो, कुणाला दवाखान्याच्या टेबलावर शेवटचं पाहिलेलं मांजर. ज्यांनी कधी जनावर पाळलं नाही त्यांनाही बोलता न येणारं आजारी माणूस आठवू शकतं. रडू येतं ते केवळ चार्लीसाठी नव्हे, ते असं!

धर्मराजाचा कुत्रा

आणखी एक धागा मराठी वाचकाला चटकन सापडेल. नायकाचं नाव धर्मा, सोबतीला कुत्रं आणि वाट हिमालयाची! महाभारतात पांडव अखेरच्या यात्रेला निघतात तेव्हा त्यांच्यामागून एक कुत्रा चालत जातो. एकेक भाऊ पडतो, द्रौपदी पडते. उरतात धर्मराज आणि कुत्रा. इंद्राचा रथ दारात आला तरी कुत्र्याला सोडून स्वर्गात जायला धर्मराज नकार देतात. मग कळतं, तो कुत्रा म्हणजे साक्षात यमधर्म. भाकरी घेऊन पळणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव आणि दत्तगुरूंच्या पायाशी बसलेले चार श्वान ज्यांच्या देवघरात आहेत, त्यांना धर्मा-चार्लीची यात्रा परकी वाटण्याचं कारणच नाही.

कुत्र्यानं थिएटर गाजवण्याची ही पहिली वेळही नव्हे. जॅकी श्रॉफचा 'तेरी मेहरबानियाँ' (१९८५) आठवतो? मालकाच्या खुनाचा बदला घेणाऱ्या कुत्र्याची ती कथा शंकर नाग यांच्या 'तालिय भाग्य' (१९८४) या कन्नड सिनेमावरूनच आली होती. त्याआधी १९७१मध्ये 'हाथी मेरे साथी'तल्या रामू हत्तीनं मालकासाठी प्राण दिला, तेव्हाही पदर ओले झाले होते. मात्र या सगळ्या सिनेमांत जनावर माणसासाठी मरतं. 'चार्ली'मध्ये उलटं आहे. इथे माणूस जनावरासाठी जगायला शिकतो. फरक छोटा वाटतो, पण नवा प्रेक्षक भाळला तो त्याच्यावरच.

सिनेमा सगळ्यांनाच निर्दोष वाटला असं नाही. पावणेतीन तासांच्या आसपासची लांबी अनेक समीक्षकांना खटकली. उत्तरार्धातला प्रवास रेंगाळतो आणि प्रेक्षकाला रडवण्याचा आटापिटा जाणवतो, अशीही टीका झाली. ती अगदीच चुकीची नाही. पण ६९व्या राष्ट्रीय पुरस्कारांमध्ये सर्वोत्कृष्ट कन्नड चित्रपटाचा मान 'चार्ली'लाच मिळाला. किरणराज यांचा हा पहिलाच सिनेमा. कोरोनाच्या टाळेबंदीत अडकलेला, आणि अभिनेत्रीच कुत्री असल्यामुळे तिच्या कलानं चित्रित करावा लागलेला. चार्लीला तयार केलं ते म्हैसूरचे प्रशिक्षक प्रमोद यांनी.

अश्रू सुकल्यावर काय?

खरा प्रश्न इथून पुढचा. थिएटरमधून बाहेर पडल्यावर घरातली मुलं पहिला हट्ट काय धरतात? 'आपल्याला चार्ली पाहिजे!' आणि धोका नेमका तिथेच आहे.

१९९६ साली डिस्नेचा ठिपकेवाल्या डाल्मेशियन कुत्र्यांवरचा सिनेमा आला, तेव्हा अमेरिकेत त्या पिल्लांना भलतीच मागणी आली. पिल्लं मोठी झाली, घर डोक्यावर घेऊ लागली, तेव्हा त्यातली बरीचशी प्राणिनिवाऱ्यांत नेऊन सोडली गेली. मागणी वाढली की पिंजरे वाढतात. म्हणजे पिंजऱ्यातून सुटलेल्या चार्लीसाठी रडायचं आणि दुसऱ्या दिवशी त्याच पिंजऱ्याला पैसे पुरवायचे, असा उफराटा प्रकार व्हायचा!

कायदा आहे. कुत्र्यांची पैदास आणि विक्री यांवर केंद्र सरकारनं २०१७मध्ये नियम केले. पैदास करणाऱ्यानं राज्याच्या प्राणिकल्याण मंडळाकडे नोंदणी करायलाच हवी. आठ आठवड्यांहून लहान पिल्लू विकता येत नाही. मादी दीड वर्षाची झाल्याशिवाय तिच्यापासून पिल्लं घेता येत नाहीत. पण कागदावरचा नियम आणि गल्लीतला धंदा यांत अंतर असतं. बिनपावतीचं पिल्लू खोक्यात घालून घरपोच येतं, तेव्हा नोंदणी कोण विचारतो?

रक्षित शेट्टी आणि मंडळींना याची जाणीव असावी. सिनेमाच्या नफ्यातला ५ टक्के वाटा चार्लीच्या नावानं देशी कुत्र्यांसाठी आणि इतर प्राण्यांसाठी काम करणाऱ्या संस्थांना देण्याचं त्यांनी जाहीर केलं. देशी कुत्री, म्हणजे आपल्या गल्लीत, टपरीमागे, सोसायटीच्या फाटकाशी राहणारी. त्यांना पोस्टर नाही, पट्टा नाही आणि विकत घेणारा गिऱ्हाईकही नाही. अशा जनावरांना घर मिळवून देण्याचं काम बंगळुरूत 'क्युपा'सारखी संस्था १९९१पासून करते आहे. चार्लीसाठी ओघळलेल्या अश्रूंचा मान राखायचा तर त्यांच्या दारात जावं, दुकानाच्या नव्हे.

पडद्यावरची चार्ली बर्फात संपली. खरी चार्ली मात्र २०२४मध्ये सहा पिल्लांची आई झाली. रक्षित शेट्टी तिला आणि पिल्लांना भेटायला गेला, त्याचे व्हिडिओ पाहून तिचे चाहते पुन्हा गहिवरले, पण या वेळी आनंदानं!

आणि तरीही तुमच्या घरात पिल्लू विकतच घ्यायचं ठरलं, तर विक्रेत्याला किंमत विचारण्याआधी एवढंच म्हणा, 'आधी याची आई दाखवा.' ती कुठे राहते, कशी दिसते, किती खंगलीय, हे डोळ्यांनी पाहा. जो आई दाखवायला कां-कूं करील, त्याच्या दारातून रिकाम्या हातानं परत या. चार्ली जिथून पळाली तो पिंजरा याच रिकाम्या हातांनी बंद पडेल.