वाहनाची किल्ली आणि घराची जबाबदारी



या अहवालातील जमाखर्चाची पाने लिहिणे हे माझे दरवर्षीचे काम. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. वैद्यकशास्त्रावर बोलण्याचा मला अधिकार नाही. परंतु अपघातग्रस्तांच्या नोंदीचे कागद माझ्या टेबलावरून जातात, आणि ते वाचून जे उमगले ते सांगणे कर्तव्य वाटते.

लग्नसराईतील एका रात्री डोक्यास मार लागलेला एक मुलगा रुग्णालयात आणला गेला. त्याच्या तोंडास दारूचा वास येत होता. वडिलांनी वयाच्या रकान्यात १६ लिहिले. 'वाहन कोणाचे?' या प्रश्नापाशी त्यांचा हात थांबला. बऱ्याच वेळाने त्यांनी लिहिले, "माझेच." हेल्मेट घरी खुंटीला टांगलेले होते. मुलगा वाचला, परंतु पुन्हा शाळेत जाऊ शकला नाही.

त्या रात्री मला कळले की, अपघात रस्त्यावर घडत असला तरी त्याची सुरुवात पुष्कळदा घरात झालेली असते.

ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन आदळून थांबते, तेव्हा आतील माणसाचे शरीर त्याच वेगाने पुढे जात राहते. हा आघात सुमारे ३२ फूट उंचीवरून पडण्याइतका असतो. मोटार अर्ध्या मीटरच्या अंतरात थांबली, तर मांडीवरील १० किलोच्या बाळाचा ओढा जवळजवळ २ क्विंटलचा होतो. धानाची २ क्विंटलची रास कोणती माता हातात धरू शकेल? म्हणूनच १४ वर्षांखालील मुलांना सीट बेल्टने किंवा मुलांसाठीच्या खास आसनात सुरक्षित बसविणे कायद्याने बंधनकारक आहे.

मागे बसणाऱ्यास पट्टा लागत नाही, हा समजही घातक आहे. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्या मोटारीस अपघात झाला. मागील आसनावरील दोघांनीही पट्टे लावले नव्हते, दोघेही दगावले. पुढील दोघे गंभीर जखमी होऊनही वाचले.

आपल्या भागात मोटारीपेक्षा दुचाकी अधिक. हेल्मेटमुळे दुचाकीस्वाराच्या डोक्याच्या इजेचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी, तर मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी घटतो, असे अनेक देशांतील अभ्यासांच्या एकत्रित परीक्षणातून दिसून आले आहे. जंगलातील रस्त्यावर रात्री रानडुक्कर वा चितळ अचानक आडवे आले, तर डोके वाचविण्यास दुसरे साधन नाही.

आता दारूविषयी. चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ साली लागू झालेली दारूबंदी २०२१ मध्ये उठली. वैनगंगेपलीकडे गडचिरोली जिल्ह्यात ती १९९३ पासून आहे. बंदी असावी की नसावी, हा वाद येथे अप्रस्तुत आहे. मात्र आपल्या राज्यात बिअर व वाईनसाठी २१ आणि अन्य मद्यासाठी २५ वर्षे ही वयोमर्यादा आजही आहे. मोहाच्या दारूस आपल्याकडील अनेक समाजांच्या विधींत स्थान आहे, त्याचा आदर राखूनही म्हणावेसे वाटते की, लग्नमांडवात कौतुकाने पोराच्या हाती पेला देणे ही परंपरा नव्हे.

दारू पाय लटपटविण्याआधी विवेक लटपटविते. "मला काही झालेले नाही," असे पिणारा प्रामाणिकपणे सांगतो, कारण ते जाणणारी बुद्धीच मंदावलेली असते. लिंबूपाणी, ताक वा थंड पाण्याची आंघोळ यांनी रक्तातील दारू उतरत नाही. त्यास काही तास द्यावेच लागतात.

१९ मे २०२४ रोजी पुण्यात कल्याणीनगर भागात मोटारीच्या धडकेत दुचाकीवरील दोन तरुण अभियंत्यांचा अंत झाला. चालक १७ वर्षांचा होता आणि त्याने मद्यप्राशन केले होते, असा पोलिसांचा आरोप आहे. त्या प्रकरणाने पालकांची जबाबदारी साऱ्या देशापुढे आणली. २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्यानुसार अल्पवयीन चालकाच्या गुन्ह्याबद्दल पालकास किंवा वाहनमालकास ३ वर्षांपर्यंत कारावास व २५,००० रुपये दंड होऊ शकतो. वाहनाची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द होते आणि मुलास २५ वर्षे वयापर्यंत परवाना मिळत नाही.

दंडाची रक्कम माझ्या वहीत लिहिता येते. त्या पित्याने जे गमावले, त्यासाठी वहीत रकाना नाही.

म्हणून प्रत्येक कुटुंबास चार विनंत्या आहेत. परवाना नसलेल्या मुलास किल्ली देऊ नये. हेल्मेट किल्लीजवळच ठेवावे. लग्नास निघतानाच परतीचे वाहन कोण चालविणार हे ठरवावे व त्याने त्या दिवशी दारूस स्पर्श करू नये. अपघात दिसल्यास १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. सद्भावनेने मदत करणाऱ्यास कायद्याचे संरक्षण आहे.

देणगीदारांच्या औदार्यातून अपघातग्रस्तांवर उपचार होतात. परंतु पुढील अहवालात या विभागातील रुग्णसंख्या घटलेली दिसली, तर ती घट नोंदविताना आम्हांस सर्वाधिक समाधान लाभेल.