पाव मैलाची शर्यत, फूटपट्टीवर!

हा परिच्छेद तुम्ही वाचून संपवाल, तेवढ्यात अमेरिकेतली एक टॉप फ्युएल ड्रॅगस्टर, म्हणजे ड्रॅग रेसची सर्वांत वेगवान गाडी, सुटलेली असेल, ताशी 500 किलोमीटरच्या पुढे गेलेली असेल आणि पॅराशूट उघडून थांबायलाही लागलेली असेल. बघा, संपली रेस! तिकीट वसूल झालं का?

ड्रॅग रेसमध्ये वळणं नाहीत, फेऱ्या नाहीत. दोन गाड्या, शेजारी शेजारी दोन सरळ पट्टे, आणि पाव मैल सुसाट! जो आधी पोहोचला तो राजा, हरला तो घरी.

कुठंतरी पाहिल्यासारखं वाटतंय ना? किरनापुर, लांजी, गोंदियाच्या माणसाला वाटणारच. अहो, हा आपला पट! बैलांचा शंकरपट. सरळ धाव, दोन जोड्या, धुरकऱ्याची आरोळी आणि सेकंदाच्याही खाली उतरणारं घड्याळ. अमेरिकेत रेसनंतर लोक हॉटडॉग खाऊन घरी जातात. आमच्याकडे दिवसा पट आणि रात्री झाडीपट्टीचं नाटक, तेही पहाटेपर्यंत. करमणुकीचे मार्क कुणाला जास्त, तुम्हीच सांगा.

बैलांच्या शर्यतींवर 2014 साली सुप्रीम कोर्टाने बंदी घातली होती. मे 2023 मध्ये घटनापीठाने महाराष्ट्राच्या कायद्याला हिरवा कंदील दाखवला. ड्रॅग रेसवाल्यांकडे मात्र कंदिलांचं अख्खं झाड आहे! एका खांबावर पिवळे, हिरवे, लाल दिवे. नावही 'ख्रिसमस ट्री'. हे झाड 1963 पासून उभं आहे. त्याआधी माणूस झेंडा हलवायचा, अगदी आपल्यासारखा.

आता खरी गंमत. या राक्षसी गाड्या टेबलावर बनवणारी माणसं आहेत. खऱ्या गाडीच्या पंचविसाव्या भागाची प्लॅस्टिकची गाडी, कीटमधून सुटे भाग काढून, चिकटवून, रंगवून. आणि मग पुढचे तीन महिने तिच्या इंजिनात वायरी ओवत बसायचं. याला म्हणतात डिटेलिंग. घरातले लोक दुसरं काहीतरी म्हणतात.

माहीत आहे का? टॉप फ्युएल ड्रॅगस्टरच्या पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत 300 इंच भरतात. भागिले 25 करा. बरोब्बर 12 इंच! शाळेतली फूटपट्टी काढा, दोन टोकांना चाकं लावा, झाली ड्रॅगस्टर. दिसायलाही साधारण तशीच असते म्हणा, काडीसारखी लांब आणि मागे दोन गलेलठ्ठ टायर.

याच मापाने पाव मैलाचा ट्रॅक किती होईल? 402 मीटरचे फक्त 16. म्हणजे आमच्या ओसरीपासून गोठ्यापर्यंत. आणि ताशी 530 किलोमीटरचा वेग? ताशी 21. ट्यूशनला उशीर झालेलं पोरगं सायकलवर एवढं आरामात मारतं.

अस्सल जिल्हा-स्पेशल नगही घ्या. बालाघाटजवळची भरवेलीची खाण ही आशियातली सर्वांत खोल भूमिगत मँगनीज खाण. खोली 400 मीटरच्या पुढे. म्हणजे पाव मैलाचा ट्रॅक उभा केला तर अख्खा आत जाईल! फिनिश लाइनवर हेल्मेटला दिवा लावून उभं राहावं लागेल, एवढंच.

खोल गेलो, आता जरा वर येऊ. बाघ नदी ओलांडून गोंदियाकडे गेलं की बिरसीचं विमानतळ. धावपट्टी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रजांनी बांधलेली, आज लांबी साधारण 2300 मीटर. आता माहीत आहे का, ड्रॅग रेसिंग मोठं कुठं झालं? धावपट्ट्यांवरच! महायुद्ध संपलं, अमेरिकेत लष्कराच्या धावपट्ट्या ओस पडल्या आणि पोरं गाड्या घेऊन तिथं पोहोचली. 1950 मध्ये कॅलिफोर्नियात सांता अॅनाच्या विमानतळावर तिकीट लावून ड्रॅग रेस सुरू झाली. पुढच्याच वर्षी वॅली पार्क्सने 'एनएचआरए' ही संघटना काढली आणि धिंगाण्याला नियमांचा लगाम बसला. आपल्याकडेही लोणावळ्याजवळच्या आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर 'व्हॅली रन' रंगली. बिरसीच्या पट्टीवर पाच ट्रॅक एकापुढे एक मावतील. पण काका, तिकडे गाडी काढू नका. तिथं वैमानिक शिकतात, त्यांचं लक्ष विचलित होईल.

पाव मैल, पाव मैल करतोय खरा, पण टॉप फ्युएलवाले आता पाव मैल धावतच नाहीत! 2008 मध्ये स्कॉट कॅलिटा हा ड्रायव्हर अपघातात गेला. त्यानंतर या सर्वांत वेगवान गाड्यांची धाव 1320 फुटांवरून 1000 फुटांवर आणली. आज ती पावणेचार सेकंदांच्या आत संपते. इंजिन मिनिटाला 8000 फेरे घेतं असं धरा आणि हिशेब मांडा. शर्यतभरात इंजिन जेमतेम 500 वेळा फिरतं. एवढ्या कष्टाने ते दमतं, आणि प्रत्येक धावेनंतर मेकॅनिक ते उकलून तासाभरात पुन्हा जोडतात. तेच इंजिन टेबलावर जोडायला आम्हाला दिवाळी ते होळी लागते.

साप, मुंगूस आणि खेळण्यांची कंपनी

साप-मुंगसाचं वैर आपल्याला जत्रेतून ठाऊक. ड्रॅग रेसिंगमध्ये ते रीतसर होतं! डॉन प्रुडोम म्हणजे 'स्नेक', टॉम मॅकइवेन म्हणजे 'मुंगूस'. मॅकइवेनच्या डोक्यातून कल्पना निघाली आणि 1970 मध्ये मॅटल या खेळण्यांच्या कंपनीने दोघांना स्पॉन्सर केलं. आधी खऱ्या गाडीवरून खेळणं बनायचं. इथं खेळण्याच्या पैशावर खरी गाडी पळाली! दोघांच्या गाड्यांवर मॅटलच्याच हॉट व्हील्सचं नाव, आणि पोरांच्या हातात दोघांच्या छोट्या गाड्या. वैर ट्रॅकवर, गल्ला एकत्र.

तसा हॉट व्हील्सचा भारतीय अवतारही भारी. 'लिओ मॅटल'च्या नावाने इथं बनलेल्या जुन्या गाड्यांचे रंग असे काही चमत्कारिक असायचे, की परदेशातले संग्राहक आज त्या शोधत फिरतात. आमच्या पिढीने त्याच गाड्या नाल्यात घातल्या. डोक्याला हात लावावा की नाही?

ड्रॅग रेसमधल्या 'फनी कार'चं नाव कशावरून, माहीत आहे का? जोक सांगते म्हणून नव्हे. 1965 च्या आसपास पकड वाढावी म्हणून काहींनी गाडीची चाकं पुढे सरकवली. गाडी दिसायला लागली विचित्र, नाव पडलं फनी. पुढे तिची अख्खी बॉडी एकसंध, मागच्या बिजागरीवर उघडणारी झाली. मॉडेलवाल्यांची ही लाडकी! झाकण उचललं की पाहुण्याला इंजिन दाखवता येतं. नाहीतर तीन महिन्यांची मेहनत बॉनेटखाली झाकलेली, आणि पाहुणा विचारतो, 'सेलवर चालते का?'

इंजिन पुढे असावं की मागे? डॉन गार्लिट्सला विचारा. 1970 च्या मार्चमध्ये त्याच्या ड्रॅगस्टरचं ट्रान्समिशन पायाशीच फुटलं आणि उजव्या पावलाचा भाग गेला. तेव्हा ड्रायव्हर इंजिनाच्या मागे बसायचा. सगळा धूर, तेल, तुकडे थेट अंगावर. हॉस्पिटलात पडल्या पडल्या त्याने ठरवलं, इंजिन मागे! 1971 मध्ये तशी गाडी घेऊन आला आणि जिंकायला लागला. बाकीच्यांनी मुकाट्याने नक्कल केली. त्यामुळे शेल्फवरची ड्रॅगस्टर साधारण कोणत्या काळातली, हे ओळखणं सोपं. इंजिन पुढे असेल तर आजोबांची, मागे असेल तर बाबांची.

आणि गुलाबी रंगाला नाक मुरडणाऱ्यांनो, शर्ली मल्डाउनी हे नाव ऐकलंय का? 1973 मध्ये टॉप फ्युएलचं लायसन्स मिळवणारी पहिली बाई. 1977, 1980, 1982 अशी तीनदा चॅम्पियन. गाडी? गुलाबी!

रंगाचा विषय निघालाच आहे तर हे ऐका. मॉडेलवर रंगाचा थर मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतका जाड बसला, तर खऱ्या गाडीच्या मापात तो अडीच मिलिमीटर होतो. म्हणजे रंग नव्हे, गिलावाच! म्हणून पातळ, आणखी पातळ, मग पाण्यात भिजवलेल्या बारीक पॉलिश पेपरने घासायचा. चमकी रंगाची तर वेगळीच पंचाईत. खऱ्या गाडीचा चमकी पेंट मॉडेलवर मारला तर एकेक कण बत्ताशाएवढा दिसतो. तोडगा ड्रेसिंग टेबलवर असतो. नेलपॉलिश! त्यातली चमकी बारीक असते आणि रंग पटकन वाळतो. घरातून बाटली गायब झाली की सगळे माझ्याकडेच बघतात, हा भाग वेगळा.

एकतारी पाक, प्लॅस्टिकचा

कीटमधले भाग ज्या प्लॅस्टिकच्या चौकटीला लगडून येतात, तिला स्प्रू म्हणतात. नवशिका ती फेकतो, पक्का गडी जपून ठेवतो. मेणबत्ती लावा. वीतभर स्प्रू ज्योतीच्या वर, ज्योतीत नव्हे, बोटांनी सावकाश फिरवत धरा. मधला भाग आधी चकाकतो, मग किंचित लोंबतो. आता आचेवरून बाजूला घ्या, एक श्वास थांबा, आणि दोन्ही टोकं ओढा. तार सुटते! अगदी साखरेच्या पाकासारखी. हळू ओढलं तर जाड, झटकन ओढलं तर केसाहून बारीक. घाई केली तर तुटते, आणि आजी चुलीजवळून म्हणते, 'पाक कच्चा राहिला.' अँटेना, ब्रेकचे पाइप, गेजचे काटे, सगळं या तारेतून.

इंजिनच्या वायरींना मात्र तांबंच हवं. साध्या व्ही-एट इंजिनाला आठ स्पार्क प्लग. टॉप फ्युएलला? सोळा! प्रत्येक सिलिंडरला दोन. खरी प्लगवायर साधारण 8 मिलिमीटर जाड, म्हणजे आपली हवी 0.3. कुठून आणायची? बिघडलेला इअरफोन सोला. आतून लाल, हिरव्या, तांबूस रंगाच्या केसासारख्या तारा निघतात, रंगवायचंही काम नाही. तीन-चार एकत्र पिळल्या की माप जमलं. देशातली सर्वांत मोठी तांब्याची खाण, मलाजखंड, आमच्याच बालाघाट जिल्ह्यात. आणि आम्ही तांबं काढतो इअरफोनमधून!

बाकी गोदाम घरातच. रिफिलची नळी एक्झॉस्ट, चॉकलेटची चांदी क्रोम, कापूस म्हणजे टायरखालचा धूर.

धुरावरून आठवलं. टायर तापावेत म्हणून ड्रॅग रेसवाले सुरुवातीला चाकं जागच्या जागी फिरवतात, धुराचा लोट उठतो. जुन्या काळी त्यासाठी टायरखाली चक्क कपडे धुवायचा ब्लीच ओतायचे! आणि मॉडेलवाले ब्लीच कशाला वापरतात? कीटमधल्या भागांवरचा स्वस्त क्रोम उतरवायला. भाग बुडवा, थोड्या वेळात चकाकी गायब. एकच बाटली, तिथे धूर काढणारी, इथे क्रोम उतरवणारी.

फेव्हिक्विकचं खानदान माहीत आहे का? 1942 मध्ये अमेरिकेत हॅरी कूव्हर बंदुकीच्या नेमदर्शकासाठी पारदर्शक प्लॅस्टिक शोधत होते. हाताला लागला सायनोअॅक्रिलेट, जो दिसेल त्याला चिकटायचा. कटकट म्हणून बाजूला टाकला! विकायला आला तो 1958 मध्ये. त्याची वाफ बोटांच्या ठशांवर पांढरी बसते, म्हणून पोलीस ती ठसे उठवायला वापरतात. मी ती माझ्या पहिल्या गाडीच्या काचेवर वापरली. म्हणजे, वापरायची नव्हती. काच चिकटवून गाडी डब्यात झाकून ठेवली. सकाळी डिसेंबरातल्या वैनगंगेवरचं धुकं काचेवर, आणि मधोमध माझ्या अंगठ्याचा ठसा. गुन्हेगार जागीच सापडला. तेव्हापासून काचेला साधा पांढरा गोंद.

विचित्र कीटचं बक्षीस कुणाला द्याल? माझं मत 'ड्रॅग्युला'ला. 'मन्स्टर्स' या अमेरिकन टीव्ही मालिकेसाठी शवपेटीची ड्रॅग कार बनवली होती आणि 1965 मध्ये एएमटी कंपनीने तिचं कीटही काढलं. वाढदिवसाला पोराने शवपेटी मागितली असेल, तेव्हा आयांचे चेहरे कसे झाले असतील?

तुम्ही म्हणाल, हे सगळं सातासमुद्रापलीकडचं. थांबा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्याकडे काय असतं? तान्हा पोळा! लाकडी नंदीला चार चाकं, शिंगांना बेगड, पाठीवर झूल, मग रांगेत उभं करून परीक्षक वाकून वाकून सजावट बघतात आणि नंबर काढतात. स्केल मॉडेलची स्पर्धा याहून वेगळी ती काय? नागपूरकर भोसल्यांच्या काळापासूनची परंपरा सांगतात. एएमटी कंपनी 1948 ची. ज्येष्ठ कोण, सांगायला नको. आणि घरोघरी नंदी नेला की बोजाराही मिळतो. एएमटीचं कीट घेऊन दारोदार जा बघू, कुणी दहा रुपये देतंय का!

गेल्या वर्षी भाच्याने माझ्या डब्यातून ड्रॅगस्टरचे उरलेले चार टायर पळवले. मोठे दोन नंदीच्या मागे, बारीक दोन पुढे. नंदी नाक खाली, पाठ वर, सुटायच्या तयारीत. परीक्षकांनी चष्मा सावरला आणि विचारलं, 'काय रे, बैल असा का वाकला?'

'पटाचा आहे, काका!'