कार्ड चांगलं, तरी नेटवर्क बंद

पर्सनल कॉम्प्युटरच्या पहिल्या दीड दशकात नेटवर्क कार्ड बसवायचं म्हणजे सबंध दुपार हाताशी ठेवावी लागे. कार्डच जळालेलं, असं क्वचित निघे. बहुतेक वेळा एकाच क्रमांकावर दोन उपकरणांनी हक्क सांगितलेला असे, आणि दुरुस्ती म्हणजे तो तंटा हुडकून मिटवणं.

आयबीएमने १९८१ साली पीसी आणला, तेव्हा त्यात नेटवर्कची सोय नव्हती. झेरॉक्सच्या पार्क प्रयोगशाळेत रॉबर्ट मेटकाफ आणि डेव्हिड बॉग्ज यांनी १९७३ पासून घडवलेलं इथरनेट पीसीत आलं, ते मेटकाफ यांच्याच थ्रीकॉम कंपनीच्या इथरलिंक कार्डातून, १९८२ मध्ये. पुढे नॉव्हेलचं एनई२००० इतकं रुळलं, की त्याच्या नकला जगभर निघाल्या.

या कार्डांवर पिनांच्या जोड्या असत. त्यांवर जंपर चढवून मुख्यतः दोन गोष्टी ठरवायच्या: आयओ पत्ता, म्हणजे प्रोसेसर ज्या क्रमांकावर कार्डाशी बोलतो तो, आणि आयआरक्यू, म्हणजे प्रोसेसरचं लक्ष वेधणारी तार. मूळ पीसीत अशा आठच तारा होत्या. १९८४च्या एटी या पुढच्या मॉडेलमध्ये त्या पंधरा झाल्या, पण कीबोर्ड, फ्लॉपी, हार्ड डिस्क यांनी बऱ्याच आधीच धरलेल्या. ही कार्डं ज्या आयएसए बसवर बसत, तिथे एक तार दोघांना वाटून देणं जवळजवळ अशक्यच. एनई२००० कारखान्यातून यायचं ते ३०० हेक्स पत्ता आणि आयआरक्यू ३ घेऊन. नेमकी हीच तार दुसऱ्या सिरियल पोर्टची. त्या पोर्टवर माउस असला, तर ड्रायव्हर चढताच माउस गोठे, नाहीतर सर्व्हर सापडत नसल्याची ओळ पडद्यावर येई. मग कार्ड ५ वर न्यायचं. तिथे साउंड कार्ड बसलेलं असलं, तर पुन्हा शोध.

पत्त्यांचं दुखणं जास्त छुपं. ३६० हेक्स मोकळा दिसतो म्हणून कार्ड तिथे हलवावं, तर ते बत्तीस पत्ते व्यापून ३७एफपर्यंत पोचे, आणि ३७८ वर प्रिंटरचा पोर्ट. एटीवर आणखी एक खोच होती: कार्डावर छापलेला आयआरक्यू २ सॉफ्टवेअरला ९ म्हणून सांगावा लागे, कारण ती तार तिकडे वळवलेली होती.

म्हणून जाणते तंत्रज्ञ आधी गर्दी हटवत. जादा कार्डं काढायची, मेमरी मॅनेजर बंद ठेवायचा आणि कार्डासोबत आलेल्या फ्लॉपीवरची चाचणी चालवायची. कार्डाची स्वतःची चाचणी पास, पण दोन मशिनांमधली देवाणघेवाण नापास, असं झालं की संशय केबलवर.

पातळ कोॲक्सियल केबलची एक सलग रांग असे, १८५ मीटरपर्यंत, आणि दोन्ही टोकांना ५० ओहमचा टर्मिनेटर. कोणी टेबल सरकवताना एक जोड निसटला, तरी सबंध रांग आडवी. इथे मल्टिमीटर कामाला येई. मशिनं बंद करून मधल्या टी-जोडावर, आतली तार आणि बाहेरचं कवच यांच्यात मोजायचं. २५च्या आसपास आकडा आला, तर दोन्ही टोकं जागेवर. ५० आला, तर एका बाजूला टर्मिनेटर नाही किंवा केबल तुटलेली. मग निम्मी रांग वेगळी काढून मोजायची, नंतर तिची निम्मी. १९९०मध्ये टेन-बेस-टी प्रमाणित झालं. प्रत्येक मशिनची तार हबकडे स्वतंत्र गेली आणि जोडणी झाल्याचं सांगणारा छोटा दिवा आला. हा खटाटोप बराच कमी झाला.

क्रमांकांचा तंटा मिटायला जास्त वेळ लागला. आधी जंपर जाऊन सेटिंग कार्डावरच्या चिपमध्ये साठू लागली. १९९३मध्ये आयएसएसाठी प्लग अँड प्ले आलं, पीसीआय या नव्या बसने तारा वाटून घेणं शक्य केलं आणि विंडोज ९५ने वाटपाचं काम अंगावर घेतलं. पण जुनी-नवी कार्डं एकाच मशिनमध्ये भेटली, की हे वाटप फसे. जंपरवाल्या कार्डाने धरलेली तार विंडोजला ठाऊकच नसे. तेव्हा अनेकांनी सेटअपची फ्लॉपी घालून प्लग अँड प्ले बंद केलं आणि क्रमांक पुन्हा हाताने नेमून दिले. हाताने दिलेला क्रमांक निदान कागदावर लिहून ठेवता येत होता.