आलं तसंच ठेवा
ऐकलेलं जपताना : लेखांक 6

गेल्या आठवड्यात जुन्या कॅसेटमधला आवाज संगणकात कसा उतरवायचा ते पाहिलं. आज इंटरनेटवरून येणाऱ्या रेडिओकडे वळू.

सोलापुरात नवी पेठेत माझ्या मित्राचं कापडाचं दुकान आहे. त्याच्या आईने आकाशवाणीच्या सोलापूर केंद्रासाठी जात्यावरच्या ओव्या म्हटल्या. प्रसारणाच्या वेळी दुकान सोडता येईना, म्हणून त्याने एका मोबाइलवर प्रसार भारतीचं ‘न्यूज ऑन एआयआर’ ॲप लावलं आणि शेजारी ठेवलेल्या दुसऱ्या मोबाइलवर ते टिपून घेतलं. रात्री घरी ऐकलं, तर पंख्याची घरघर, रस्त्यावरचे हॉर्न, गिऱ्हाइकाची घासाघीस आणि या सगळ्याच्या तळाशी आई. “आवाज आहे रे, पण आई नाही,” तो म्हणाला.

असं का झालं? इंटरनेट रेडिओ आपल्या मोबाइलपर्यंत येतो तो आकड्यांच्या रूपात. सीडीच्या दर्जाच्या स्टिरिओ आवाजाला सेकंदाला 1411 किलोबिट लागतात, म्हणजे तासाला सुमारे 635 एमबी. एवढा भार नेटवरून पाठवणं परवडत नाही. म्हणून एमपी3 किंवा एएसी पद्धतीने तो आवळतात आणि कानाला सहसा न जाणवणारे बारकावे गाळून टाकतात. सेकंदाला 64 किलोबिटचा प्रवाह तासाभरात जेमतेम 29 एमबी भरतो. गाळलेलं मात्र परत मिळत नाही.

मोबाइल हे आकडे उलगडून आपल्याला ऐकवतो. ऐकू आलेलं पुन्हा एमपी3मध्ये टिपलं, की पुन्हा आवळणं आणि पुन्हा गाळणं आलं. स्क्रीन रेकॉर्डरने पंखा आणि हॉर्न टळतात, हे दुसरं गाळणं टळत नाही. दर्जा वाढेल या आशेने काही जण 320 किलोबिटचा पर्याय निवडतात. फाइल पाचपट फुगते, आवाज तिळभरही सुधारत नाही. जाड सुताची चादर उसवून तेच सूत बारीक फणीच्या मागावर चढवलं, म्हणून सूत बारीक होत नाही. उसवताना चार धागे तुटतात ते वेगळंच.

तेव्हा आवाज टिपण्याच्या फंदात न पडता आलेले आकडेच जसेच्या तसे साठवावेत. ‘एफएफएमपेग’ हा मोफत प्रोग्रॅम हे काम नेमकं करतो. त्याला प्रवाहाचा पत्ता द्यायचा आणि ‘कॉपी’ सांगायचं. तो काही उलगडत नाही, पुन्हा आवळत नाही. केंद्राने पाठवलेलं आणि आपण साठवलेलं, दोन्ही एकच.

चार गोष्टी मात्र सांभाळाव्यात. एकाच केंद्राचे अनेक प्रवाह असतील, तर जास्त किलोबिटचा घ्यावा. किलोबिट सारखेच असतील, तर एमपी3पेक्षा एएसी बरा. बरेच प्रवाह सहा ते दहा सेकंदांच्या तुकड्यांत येतात आणि जुने तुकडे थोड्याच वेळात काढून टाकले जातात. नेट तेवढा वेळ तुटलं, तर ओवीचा एखादा चरण कायमचा जातो. म्हणून शक्य तर वायरचं कनेक्शन वापरावं. याच तुकड्यांमुळे नेटवरचा रेडिओ एफएमच्या मागे चालतो, तेव्हा पाच मिनिटं आधी सुरू करून पाच मिनिटं उशिरा थांबवावं. आणि फाइल आधी मॅट्रोस्का स्वरूपात ठेवावी, कारण मध्येच वीज गेली तर अर्धवट एमपी4 फाइल सहसा उघडत नाही. नको तो भाग नंतर कापतानाही ‘कॉपी’च वापरावं.

कायद्याचंही सांगतो. 1957च्या कॉपीराइट कायद्याचं 39वं कलम स्वतःच्या खासगी वापरासाठी, तसंच प्रामाणिक अध्यापन आणि संशोधनासाठी प्रसारण मुद्रित करायला मुभा देतं. ते नेटवर सगळ्यांसाठी टाकणं या मुभेत बसत नाही.

ओव्यांचा दुसरा भाग आठवड्याने लागला. या वेळी दुकानातल्या संगणकावर आम्ही तो असाच साठवला. दुकानात गिऱ्हाइकांची वर्दळ चालूच होती, पण फाइलमध्ये त्यातलं काही शिरलं नाही. रात्री मित्राचा फोन आला. “दोन ओव्यांच्या मध्ये आई श्वास घेते ना, तोसुद्धा ओळखू येतोय.”

पुढच्या आठवड्यात : जपलेल्या फाइलींना नावं आणि तारखा कशा द्याव्यात, म्हणजे नातवंडांनाही त्या सापडतील.