वावरातला मुक्काम

कापूस वेचून संपला, तूर सोंगून खळ्यावर आली आणि वऱ्हाडातली वावरे मोकळी पडली, म्हणजे उंटांच्या पाठीवर बाजा, भांडीकुंडी आणि लहान लेकरे लादून काठेवाडी मेंढपाळांचे तांडे गावोगाव फिरताना दिसतात, आणि ज्याच्या वावरात मेंढ्या बसवायच्या त्या शेतकऱ्याशी त्यांचा करार तोंडीच ठरतो: रात्री किती, धान्य किती, रोख किती. आज एका पट्ट्यात, उद्या त्याच्या शेजारच्या पट्ट्यात असा कळप बसत जातो, लेंड्या आणि मूत्र मातीत मुरतात, आणि पुढच्या पिकाची बेगमी होऊन मेंढपाळ पुढचा मुलूख गाठतो. कोणत्याही सरकारी दप्तरात नोंद नसलेली ही वहिवाट उभयपक्षी हिताच्या पायावर उभी आहे. घर सोबत घेऊन हिंडणारा पांथस्थ आणि जमिनीला बांधलेला शेतकरी यांना एका रात्रीपुरते एकत्र आणणारी याहून सुंदर व्यवस्था माझ्या पाहण्यात नाही.

अमरावती जिल्ह्याला असा मुक्काम नवा नाही. चांदूर बाजार तालुक्यातील बहिरमच्या यात्रेत, जी 20 डिसेंबरला सुरू होऊन जानेवारीअखेरपर्यंत चालते, कुटुंबेच्या कुटुंबे बैलगाड्या सोडून राहुट्या ठोकीत, गोवऱ्यांच्या आरावर रोडगे भाजीत आणि वांग्याच्या भाजीशी ते खात थंडीच्या रात्री काढीत.

पांथस्थ आणि शेतकरी यांच्यातला हाच संबंध पाश्चात्त्य देशांनी आपल्या काळी नियमबद्ध केला. फ्रान्समध्ये 1993 साली ‘फ्रान्स पास्यों’ ही योजना निघाली. तिच्या सभासदाने आपले फिरते घर द्राक्षबागायतदाराच्या वा शेतकऱ्याच्या आवारात एक अहोरात्र विनामूल्य उभे करावे, यजमानाने जागेपलीकडे काही देणे लागू नये आणि पाहुण्यावर खरेदीची सक्ती नसावी, असा तिचा दंडक आहे. अमेरिकेत 2010 साली निघालेल्या ‘हार्वेस्ट होस्ट्स’ने त्यात मद्यनिर्मितीगृहे आणि बिअरचे लहान कारखानेही आणले, तेथे सभासद वार्षिक वर्गणी भरतो, यजमान भाडे घेत नाही, आणि पाहुण्याने त्याच्याकडचा काही माल विकत घ्यावा अशी अपेक्षा असते. वाहनात स्वतःचे शौचकूप असलेच पाहिजे, ही अट मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण पाहुण्याचा भार यजमानावर न पडण्याची हमी तिच्यात आहे.

महाराष्ट्राने 2001 साली द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण आखले आणि नाशिकच्या वायनरींनी पुढे पाहुण्यांसाठी खोल्या बांधल्या. 2020 साली कृषी पर्यटनाचे आणि 2021 साली कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण आले. एका धोरणाचा भर शेतावरच्या निवासावर, दुसऱ्याचा वाहनांसाठी वीज, पाणी व सांडपाण्याची सोय असलेल्या थांब्यांवर. या दोन धोरणांची गाठ साध्या शेतकऱ्याच्या बांधावर पडावी, असे मला मनापासून वाटते, आणि त्यासाठी याच जिल्ह्यातल्या वरूडइतका योग्य तालुका मला दुसरा दिसत नाही.

वरूडच्या संत्र्याची ख्याती इतकी, की रेल्वेने येथील स्थानकाला ‘वरूड ऑरेंज सिटी’ असे नाव दिले. परंतु या फळाचा धनी ते खाणाऱ्याला क्वचितच भेटतो. झाडावर फळ असतानाच बगीचा व्यापाऱ्याला दिला जातो, इसार घेतला जातो, तोडणी व्यापाऱ्याची माणसे करतात आणि कॅरेट भरलेले ट्रक दूरच्या मंड्यांकडे निघून जातात. या संत्र्याची आयात करणाऱ्या बांगलादेशाने 2019 नंतर त्यावरचे आयातशुल्क वाढवीत वाढवीत 2023 साली किलोमागे सुमारे 88 रुपयांवर नेले, तेव्हा त्या एका सरहद्दीवरच्या निर्णयाने येथल्या बगीच्यांचे भाव कोसळले. ज्याला आपला ग्राहक ठाऊक नाही त्याच्यापाशी दुसरा मार्ग कोणता असणार? बगीच्यात जागल करणाऱ्या माणसाखेरीज त्या झाडांच्या सान्निध्यात रात्र काढणारे कोणी नसते. नागपूरहून येणाऱ्या कुटुंबाने तेथे रात्री गाडी उभी केली, सकाळी देठासुद्धा तोडलेले फळ हाती घेतले आणि दोन कॅरेट विकत घेऊन ते निघाले, तर शेतकऱ्याला मिळणारा दर त्याचा स्वतःचा असेल. ही रक्कम ट्रकभर मालापुढे अल्प आहे, हे मी जाणतो. तथापि दर सांगण्याचा अधिकार अल्प नव्हे.

अडचणी खऱ्या आहेत. या तालुक्यातील भूजलाचा उपसा पुनर्भरणाहून अधिक झालेला असून मृग बहारासाठी मे महिन्यात पाणी तोडून झाडांना ताण द्यावा लागतो. तेव्हा पाहुण्याने पाणी आपले आणावे आणि सांडपाणी विहिरीजवळ टाकू नये, हे कठोरपणे पाळले गेले पाहिजे. मोसमही निवडावा लागेल: आंबिया बहाराचे फळ ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत आणि अधिक गोड मानले जाणारे मृगाचे फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत येते, त्यामुळे पावसाळ्यात, काळ्या जमिनीत चाके रुतत असताना, हा उद्योग बंदच ठेवावा.

मात्र मुख्य तजवीज व्यापाऱ्याशी होणाऱ्या करारातच करावी लागेल. सौदा ठरला म्हणजे फळावर हक्क व्यापाऱ्याचा होतो, आणि मग मालकालाही पाहुण्यासाठी ते तोडता येत नाही. म्हणून इसार हाती घेण्यापूर्वीच रस्त्याकडेची झाडांची एक ओळ सौद्यातून वगळली आहे, हे साक्षीदारांसमक्ष लिहून घ्यावे.