काटकसर गोळीची नको

महिन्याची २० तारीख उलटली की आपल्या कितीतरी घरांत डाळ पातळ होते आणि आईची रक्तदाबाची गोळी एक दिवसाआड होते. "आज बरं वाटतंय, उद्या घेईन," असे ती म्हणते. आम्ही याला काटकसर मानत नाही. रक्तदाब वाढला तरी बहुधा काही दुखत नाही. पण त्यातूनच पक्षाघात, हृदयविकार, मूत्रपिंडाचे आजार ओढवतात. गोळीचे शंभर रुपये वाचतात आणि दवाखान्यापायी हजारोंचे कर्ज होते.

म्हणून पगार हाती येताच भाडे आणि किराण्याबरोबर औषधाचे पैसेही बाजूला काढा. प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्तदाबाच्या गोळ्या मोफत असतात. तिथे संपल्या असतील तर डॉक्टरांकडून चिठ्ठीवर जेनेरिक नाव लिहून घ्या आणि जनऔषधी केंद्रात जा; तिथे बहुतेक औषधे निम्म्याहून कमी दरात मिळतात.

काटकसर करायचीच तर तंबाखूत करा. रोजची दहा रुपयांची पुडी म्हणजे वर्षाला ३,६५० रुपये.

सिगालोवाद सुत्तात भगवान बुद्धांनी गृहस्थाला मिळकतीचे चार भाग करायला सांगितले: एक उपभोगासाठी, दोन कामधंद्यासाठी, चौथा अडीअडचणीसाठी. तुटपुंज्या पगारात चौथा भाग निघत नाही, हे आम्ही जाणतो. पण पोस्टात महिना शंभर रुपयांपासून आवर्ती खाते उघडते. पुडीचे पैसे तिथे जाऊ द्या.

आज हिशेबाची वही उघडाल, तेव्हा आधी आईला विचारा: गोळ्या किती उरल्यात?